जावयाचे पैसे आले, शेअर दिलेच नाहीत

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आहे. त्यांच्या मुलीचं ३ वर्षांपूर्वी एका फ्रेंच तरुणाशी लग्न झालं. दोघांनी इथेच बेदाणा आणि द्राक्षरसाचा कारखाना काढायचं ठरवलं आहे. मुलगी पुढे येऊन कामाला लागली, जावई अजून तिकडे नोकरीवर आहे. जानेवारीत बापलेकीच्या नावाने १ लाख भांडवलाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली. १२ फेब्रुवारीला जावयाने कंपनीच्या खात्यात ४५ लाख रुपये पाठवले. त्याला शेअर मात्र आजतागायत मिळालेले नाहीत. पत्रात त्यांनी विचारलं आहे: "रिझर्व्ह बँकेचा फॉर्म भरायचा राहिला आहे. लेट फी भरून मोकळं होता येईल का? आणि ओळखीचे एक जण म्हणतात, ठराव फेब्रुवारीच्या तारखेचा करून टाका. चालेल का?"

नाशिकमध्ये परदेशी भागीदार आले की हाच प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कुणाचा भागीदार इटलीचा, कुणाचा जर्मनीचा. चूक तीच.

अन्नप्रक्रियेत १०० टक्के परकीय गुंतवणूक सरकारची आगाऊ परवानगी न घेता येते. फ्रान्स आपला शेजारी देश नसल्यामुळे शेजारी देशांतल्या गुंतवणुकीला आगाऊ परवानगी घ्यायला लावणारं २०२० चं बंधनही तुम्हाला लागत नाही. त्याची काळजी सोडा. तुमचं प्रकरण ६० दिवसांवर उभं आहे, आणि पत्रात त्या ६० दिवसांचा उल्लेखसुद्धा नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत बँकेच्या पावतीवर १२ फेब्रुवारीचा शिक्का स्वच्छ दिसतो. प्रिंट काढून मी त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला आणि कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. ६० दिवस १३ एप्रिलला संपले. तोवर शेअर द्यायला हवे होते. नाही दिले, तर पुढच्या १५ दिवसांत, म्हणजे २८ एप्रिलपर्यंत पैसे बँकेमार्फत परत पाठवायला हवे होते. फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आणि कंपनी कायदा, दोन्हीकडे हीच मुदत आहे. आज जूनचा तिसरा आठवडा चालू आहे.

आता लेट फी. तुम्ही विचारलेला रिझर्व्ह बँकेचा फॉर्म, म्हणजे एफसी-जीपीआर, हा परदेशी माणसाला शेअर दिल्यापासून ३० दिवसांत भरायचा असतो. त्याला उशीर झाला तर ७,५०० रुपये आणि रकमेच्या ०.०२५ टक्के दर वर्षामागे, इतकंच शुल्क पडतं. तुमच्या ४५ लाखांवर वर्षभराचे जेमतेम ८,६२५ रुपये होतात. आकडा लहान, म्हणून सगळ्यांना वाटतं की उशिराचं औषध सापडलं. पण ते शुल्क फॉर्मच्या उशिराचं आहे, शेअर द्यायला झालेला उशीर त्याने मिटत नाही. तुम्ही शेअर दिलेलेच नाहीत, तर फॉर्म कशाचा भरणार?

मागच्या तारखेचा ठराव अजिबात करू नका. पैसे आल्याची तारीख बँकेकडे आहे. कंपनी निबंधकाकडे जाणाऱ्या फॉर्मवर डिजिटल सहीची वेळ उमटते. भांडवल वाढवल्याची तारीखही तिथेच नोंदली जाते, आणि १ लाखाच्या अधिकृत भांडवलात, म्हणजे कंपनीला शेअर देता येण्याच्या कमाल मर्यादेत, फेब्रुवारीत ४५ लाखांचे शेअर बसणारच नव्हते. खोटा कागद पकडला गेला तर कंपनी कायद्याच्या ४४७ कलमाखाली फसवणुकीला १० वर्षांपर्यंत कैद आहे. आज तुमच्याकडून उशीर झाला आहे, गुन्हा झालेला नाही. हा फरक जपा.

मला खरा राग आला तो पत्रातल्या एका ओळीचा. "सीएंनी भांडवल वाढवायला सांगितलं होतं, पण द्राक्षकाढणी चालू होती, मग छाटणी आली." एप्रिल छाटणी महिनाभर पुढे ढकलली तर पुढच्या हंगामात वेलीवर काय दिसतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. तीच शिस्त या कागदाला का लावली नाही? जावयाने आयुष्यातली बचत पाठवली आहे. आज तो कंपनीत कोण आहे? भागधारक नाही. उद्या काही बिनसलं, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे भागधारक म्हणून उभं राहण्याचा हक्कही त्याला नाही. उरेल तो पैसे वसुलीचा दिवाणी दावा. आपल्या जिल्हा न्यायालयात अशा दाव्यांच्या तारखा मी वर्षानुवर्षं घेत आलो आहे. त्या रांगेत घरच्या माणसाला उभं करू नका.

आणखी एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती गंभीर आहे. त्या ४५ लाखांतले १९ लाख मशीनवाल्याला आगाऊ दिलेत. शेअर देऊन त्याचं विवरण निबंधकाकडे जाईपर्यंत या पैशांना हात लावता येत नाही, ते वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात. म्हणून आधी ते १९ लाख खात्यात परत भरा. मशीनवाला देत नसेल तर तुम्ही संचालक म्हणून कंपनीला कर्ज देऊ शकता. फक्त ते पैसे तुम्ही कुणाकडून उसने घेतलेले नाहीत, असं लेखी द्यावं लागेल.

मग बँकेच्या परकीय चलन विभागाला घडलं ते सगळं जसंच्या तसं लिहून द्या आणि ४५ लाख जावयाच्या खात्यात परत पाठवायची विनंती करा. मुदत उलटून गेल्यामुळे बँक कदाचित आधी रिझर्व्ह बँकेकडे विचारणा करील. करू द्या. कंपनी कायद्याप्रमाणे ६० दिवसांनंतर १२ टक्के व्याज लागतं, पण ते परदेशात पाठवायला रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. घाईने व्याजासकट रक्कम पाठवलीत तर एक चूक निस्तरताना दुसरी होईल.

पैसे परत गेले की रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा अर्ज, म्हणजे चूक कबूल करून रक्कम भरून प्रकरण मिटवणं. चूक दुरुस्त करून मगच हा अर्ज करायचा असतो. अर्जाचं शुल्क १०,००० रुपये आणि वर जीएसटी, निकाल १८० दिवसांत. कायद्यात दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, पण स्वतःहून पुढे आलेल्या छोट्या कंपनीबाबत सहसा तितकी टोकाची वेळ येत नाही. नेमका आकडा कागद पाहिल्याशिवाय मी देणार नाही.

त्यानंतर जावयाने पुन्हा पैसे पाठवावेत, पण या वेळी क्रम उलटा. आधी अधिकृत भांडवल वाढवा, शेअरच्या किमतीचा मूल्यांकन दाखला घ्या, विशेष ठराव करा, जावयाला ऑफरचं पत्र द्या. पैसे त्यानंतर. पैसे आल्याच्या आठवड्यात शेअर देऊन टाका, १५ दिवसांत निबंधकाकडे विवरण आणि ३० दिवसांत एफसी-जीपीआर.

लग्नाला २ वर्षं उलटली आहेत, मुलीचा पासपोर्ट भारतीयच असेल आणि लग्नाची नोंदणी झालेली असेल तर जावयाला ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, कार्डासाठी अर्ज करता येईल. ते मिळाल्यावर पैसे परत न नेण्याच्या अटीवर केलेली गुंतवणूक देशी धरली जाते. मात्र ती अट त्याला मान्य आहे का, हे आधी त्याच्याशी बोला. झालेली चूक त्याने पुसली जात नाही.

कारखान्यासाठी तुमची २० गुंठे जमीन कंपनीच्या नावावर करायचा विचार सध्या थांबवा. सातबारा शेतीचा आहे, कंपनी शेतकरी नाही, आणि कूळकायद्याचं ६३ कलम मध्ये येतं. सातबारा आणि फेरफार पाहून त्यावर वेगळं बोलू.

सोमवारी येताना फेब्रुवारीपासूनचा खातेउतारा, बँकेचा एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा दाखला, आणि मशीनवाल्याची पावती घेऊन या. मुलीलाही सोबत आणा, तीही संचालक आहे. बँकेला द्यायच्या पत्रावर दोघांच्या सह्या त्याच दिवशी, त्याच दिवसाच्या तारखेने घेऊ.