वाचक विचारतात: इलेक्ट्रॉन गोल गोल का फिरवायचे?

गेल्या महिन्यात या पानावर इंदूरच्या इंडस-२ बद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांच्यापासून एक्स-रे मिळवणाऱ्या मशीनबद्दल थोडंसं लिहिलं होतं, आणि त्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, पण जे वेगवेगळ्या गावांहून पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

प्रश्न: सर, आम्ही इंदूरचे, इंडस-२ जिथे आहे त्या राजा रामण्णा सेंटरचं नाव कायम ऐकतो. रिंगमध्ये इलेक्ट्रॉनचा वेग वाढवतात असं मुलाच्या पुस्तकात आहे. पण वेग तर प्रकाशापुढे जाऊ शकत नाही, मग तिथे नक्की वाढतं काय? (एक वाचक, इंदूर)

वाढते ती ऊर्जा, वेग जवळजवळ नाहीच. तुमच्या गावातली साखळी अशी आहे बघा, सुरुवातीला मायक्रोट्रॉन, त्यात तापलेल्या लँथेनम हेक्साबोराइडच्या छोट्याशा तुकड्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि एकाच कॅव्हिटीतून, म्हणजे रेडिओ लहरींचं विद्युतक्षेत्र असलेल्या धातूच्या डब्यातून, पुन्हा पुन्हा जात, दरवेळी थोडं मोठं वर्तुळ घेत, २० एमईव्ही म्हणजे २ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोचतात. इथेच त्यांचा वेग प्रकाशाच्या ९९.९७ टक्के झालेला असतो. मग बूस्टर सिंक्रोट्रॉन, म्हणजे ऊर्जा वाढवणारी छोटी रिंग, त्यांना ५५० एमईव्हीला नेतो आणि इंडस-२ मध्ये सोडतो, आणि पुरेसे इलेक्ट्रॉन जमले की १७२ मीटर घेराची ही मोठी रिंग त्यांना २.५ जीईव्ही, म्हणजे २५०० एमईव्हीपर्यंत चढवते. आता गंमत अशी की ५५० एमईव्हीला इलेक्ट्रॉन प्रकाशापेक्षा सेकंदाला साधारण १३० मीटरने मागे असतो, आणि २.५ जीईव्हीला फक्त ६ मीटरने. म्हणजे ऊर्जा साडेचार पट झाली आणि वेगात भर पडली ती तीन लाख किलोमीटरमध्ये सव्वाशे मीटरची!

हे डिझाइन करणाऱ्यांच्या फार सोयीचं आहे. वेग बदलत नाही म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ बदलत नाही, म्हणून रेडिओ लहरींची फ्रिक्वेन्सी कायम ५०५.८ मेगाहर्ट्झ ठेवता येते आणि रिंगमध्ये बरोबर २९१ जागा तयार होतात जिथे इलेक्ट्रॉनचे बंच, म्हणजे पुंजके, बसू शकतात. चुंबक फक्त वळवतात आणि फोकस करतात, ढकलण्याचं काम कॅव्हिटीतल्या विद्युतक्षेत्राचं, हे दोन्ही बरेच जण एकत्र करतात म्हणून मुद्दाम सांगतो. आणि एखादा इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेचा निघाला तर? तो वळणावर थोडा बाहेरून जातो, उशिरा पोचतो, आणि उशिरा आलेल्याला कॅव्हिटी कमी ऊर्जा देते, त्यामुळे तो आपोआप रांगेत येतो. हे १९४४ मध्ये सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ वेक्सलरला आणि १९४५ मध्ये अमेरिकेच्या मॅकमिलनला स्वतंत्रपणे सुचलं, आणि त्याशिवाय आजची एकही रिंग चालली नसती.

प्रश्न: वळताना इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतो आणि ऊर्जा गमावतो असं तुम्ही लिहिलंत. मी इंजिनियर आहे, मला हा सरळ सरळ लॉस वाटतो. मग सरळ रेषेत का नाही नेत? (एक वाचक, ठाणे)

लॉस आहेच, आणि सुरुवातीला सगळ्यांना तसाच वाटला. हा प्रकाश पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला एप्रिल १९४७ मध्ये, अमेरिकेत स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या ७० एमईव्हीच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, तिथली नळी काचेची होती आणि तंत्रज्ञाने भिंतीआडून आरशात बघितलं तर आत झगझगीत प्रकाश, त्याला आधी वाटलं आत ठिणगी उडतेय.

हिशोब असा, एका फेरीतला लॉस ऊर्जेच्या चौथ्या घाताने वाढतो आणि वळणाची त्रिज्या वाढवली की कमी होतो. ऊर्जा दुप्पट, लॉस सोळा पट. इंडस-२ मध्ये प्रत्येक इलेक्ट्रॉन एका फेरीत साधारण ६२३ केईव्ही (म्हणजे ०.६२३ एमईव्ही) गमावतो आणि सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतो, २०० मिलीअँपिअर करंट असेल तर प्रकाशात जाणारी पॉवर झाली सव्वाशे किलोवॅट, ती सगळी कॅव्हिटीने परत भरायची. जिनिव्हाजवळच्या एलईपी रिंगमध्ये, २७ किलोमीटर घेर असूनही, शंभर जीईव्हीच्या पुढे इलेक्ट्रॉन दर फेरीला तीन टक्के ऊर्जा टाकून देत होता. म्हणूनच त्याच बोगद्यात पुढे प्रोटॉन फिरवले, प्रोटॉन १८३६ पट जड, त्याचा लॉस त्यामानाने नगण्य. तेव्हा तुमचं बरोबर आहे, खूप मोठ्या ऊर्जेला इलेक्ट्रॉन सरळच न्यावा लागतो.

पण आता दुसरी बाजू बघा, आणि माझ्या मते या अख्ख्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतो तो स्वतःच्या जाण्याच्या दिशेने. तो जरा तिरका चालला असेल तर फेकताना त्याचा पुढचा संवेगही कमी होतो आणि आडवाही. कॅव्हिटी मात्र भरपाई देते ती फक्त पुढच्या दिशेने. म्हणजे दर फेरीला आडवं हलणं थोडं थोडं मरतं आणि ते परत कोणीच भरून देत नाही! इंडस-२ मध्ये पूर्ण ऊर्जेला साधारण आठ हजार फेऱ्यांत, म्हणजे पाच मिलीसेकंदांच्या आत, हे हलणं एक तृतीयांशाच्या आसपास येतं. इलेक्ट्रॉन आत कसाही आला असो, वाकडा, पसरलेला, थरथरता, रिंग ते सगळं विसरते.

म्हणूनच रिंग भरता येते. आधी आलेले इलेक्ट्रॉन शांत झाले की त्यांच्या शेजारी नवीन सोडता येतात, ते शांत झाले की आणखी. ५५० एमईव्हीला हे शांत होणं बरंच हळू, जवळजवळ अर्धा सेकंद घेतं, आणि बूस्टरची खेप साधारण सेकंदाला एक येते, हे दोन आकडे एकमेकांना कसे जुळतात बघा.

मग बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, अगदी सुईच्या टोकाहून बारीक का होत नाही? कारण प्रकाश सलग धारेत जात नाही, एकेक फोटॉन सुटतो, केव्हा सुटेल याचा नेम नाही, आणि प्रत्येक फोटॉन सुटताना इलेक्ट्रॉनला थोडा धक्का देऊन जातो. शांत होणं आणि धक्के खाणं यांचा जिथे तोल जमतो तिथे बीमचा पसारा ठरतो, त्याला एमिटन्स म्हणतात. हा पसारा एका चुंबकात बीम किती वळवता त्याच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असतो, म्हणजे वळण निम्मं करा, पसारा आठपट कमी. स्वीडनमध्ये लुंडच्या मॅक्स-फोर या रिंगवाल्यांनी हेच केलं, रिंगच्या प्रत्येक भागात दोन मोठ्या वळणांऐवजी सात छोटी वळणं, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या त्या रिंगचा एमिटन्स आला ०.३३ नॅनोमीटर-रेडियन. इंडस-२ चा ५८ आहे. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका, इंडस-२ आधीच्या पिढीची रिंग आहे आणि आपल्या माणसांनी ती उभी केली आणि २००५ पासून तिच्यातून प्रकाश मिळतोय, आजही त्या प्रकाशावर प्रोटीनच्या रचनांपासून धातूंपर्यंत काम होतं. पण भारताला पुढच्या पिढीची रिंग हवी आणि ती लवकर हवी, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मी बारावीत आहे. इलेक्ट्रॉन आणतात कुठून? आणि सोर्स चांगला की वाईट याने काय फरक पडतो? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

छान विचारलंस. इलेक्ट्रॉन धातूत आहेतच, त्यांना बाहेर काढायला थोडी ऊर्जा द्यायची एवढंच. एक पद्धत म्हणजे तापवणं. दुसरी तुझ्या पुस्तकातलाच फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट, तांब्यावर किंवा सीझियम टेल्युराइडवर अल्ट्राव्हायोलेट लेझरचा काही पिकोसेकंदांचा (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) झोत मारायचा आणि तेवढ्याच वेळापुरते इलेक्ट्रॉन सुटतात. तापलेला कॅथोड, म्हणजे ज्यातून इलेक्ट्रॉन निघतात तो तुकडा, ते सतत सोडत राहतो, लेझरने मात्र कधी, किती आणि केवढ्या जागेतून हे तिन्ही आपल्या हातात येतं.

फरक पडतो का, तर रिंगसाठी फारसा नाही, वरचं उत्तर वाच, रिंग सगळं विसरते. पण लायनॅक, म्हणजे सरळ रेषेतला अ‍ॅक्सिलरेटर, काहीच विसरत नाही. तिथे इलेक्ट्रॉन एकदाच जातो, शांत व्हायला वेळच नाही, त्यामुळे सोर्समध्ये बीम जसा जन्मला त्याहून चांगला तो पुढे होत नाही, बिघडू शकतो फक्त. आणि बिघडतो तो जन्मल्या जन्मल्याच, कारण सगळे निगेटिव्ह, एकमेकांना ढकलतात. वेग प्रकाशाजवळ गेला की हे ढकलणं जवळजवळ संपतं, म्हणून कॅथोड थेट कॅव्हिटीतच बसवतात आणि मीटरला दहा कोटी व्होल्टच्या आसपासचं क्षेत्र लावून इलेक्ट्रॉनला पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच पळवतात. शिवाय भोवती सोलेनॉइड, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचं चुंबक, ठेवून पसरलेला बीम परत गोळा करायची युक्ती कार्लस्टेन या शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये दाखवली. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एलसीएलएस हा एक्स-रे लेझर चालू झाला, त्याच्या यशात अशा गनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या या सुरुवातीच्या भागाचा, वाटा फार मोठा, जवळजवळ किलोमीटरभर लायनॅकच्या शेवटी काय मिळणार ते सुरुवातीच्या हातभर जागेत ठरतं. तुला भौतिकशास्त्रात पुढे जायचं असेल तर गन आणि फोटोकॅथोड हा विषय जरूर बघ, त्यात लेझर, व्हॅक्यूम, पृष्ठभागाचं रसायन सगळं लागतं.

प्रश्न: एकदा भरलेला बीम कमी का होतो? आणि लाइट गेली तर काय? (एक वाचक, सोलापूर)

दोन कारणं. नळीत कितीही चांगला व्हॅक्यूम केला तरी थोडा वायू राहतोच, आणि २० तास फिरणारा इलेक्ट्रॉन दोन हजार कोटी किलोमीटरच्या वर जातो, वाटेत कधीतरी धडकतो. दुसरं, एकाच बंचमधले इलेक्ट्रॉन आपसात आदळतात, एकाची ऊर्जा वाढते दुसऱ्याची घटते आणि दोघंही बाहेर पडतात, हा टाउशेक इफेक्ट, ब्रुनो टाउशेकच्या इटलीत बांधलेल्या आडा या छोट्याशा रिंगवर पहिल्यांदा कळला. बीम जितका बारीक तितका हा त्रास जास्त, त्यामुळे नव्या रिंगा दर थोड्या वेळाने नवे इलेक्ट्रॉन टाकत राहतात.

लाइट गेली तर कॅव्हिटीची भरपाई थांबते आणि काही डझन फेऱ्यांतच बीम भिंतीवर जाऊन संपतो. स्फोट वगैरे काही नाही, इंडस-२ मध्ये २०० मिलीअँपिअरला सगळ्या इलेक्ट्रॉनची मिळून ऊर्जा २९० ज्यूलच्या आसपास, ६० वॅटचा बल्ब पाच सेकंद जळेल एवढीच. पण त्या क्षणाला रेडिएशन निघतं, म्हणून भोवती जाड काँक्रीट असतं आणि बीम असताना आत कोणी जात नाही.

प्रश्न: महाराष्ट्रात असं काही आहे का? (एक वाचक, नाशिक)

एवढी मोठी रिंग नाही. पण पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचा ६ एमईव्हीचा रेसट्रॅक मायक्रोट्रॉन आहे, त्यावर बरंच संशोधन झालंय. खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राचा १० एमईव्हीचा लायनॅक आहे, तो पदार्थांवर इलेक्ट्रॉन मारून त्यांचे गुण बदलायला वापरतात. मुंबईच्या समीर संस्थेने कॅन्सरच्या उपचारासाठी ६ एमव्हीचे (६० लाख व्होल्टचे) लायनॅक इथेच बनवलेत. आणि तुमच्या नाशिकमध्येही ज्या हॉस्पिटलात लायनॅकवर रेडिएशन देतात तिथे इलेक्ट्रॉन अ‍ॅक्सिलरेटर आहेच, गन, कॅव्हिटी, वळवणारे चुंबक, सगळं, फक्त शेवटी इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आपटून एक्स-रे काढतात.