सील दोनदा बदलूनही शॉकअप गळतोय, बुश बदलू का?

बदलाच. तुमची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, पन्नासेक हजार किलोमीटर, वर्षात दोनदा सील बदलून पुढचा उजवा शॉकअप पुन्हा ओला, ब्रेक दाबला की 'टक', आणि मेकॅनिक म्हणतो बुशला काही होत नाही. हे वाचून मला माझीच गाडी आठवली. मीही आधी सीललाच शिव्या घालत होतो.

सीलचं काम तेल अडवायचं. पाइप, म्हणजे आतली चकचकीत नळी, सरळ धरायचं काम बुशचं, म्हणजे पातळ धातूच्या कड्याचं. एक बुश पाइपच्या खालच्या टोकाला असतो, दुसरा बॉटमच्या, म्हणजे बाहेरच्या खालच्या नळीच्या, तोंडाशी, सीलच्या खाली. ते झिजले की पाइप आत डुलतो, सीलचा ओठ एकीकडे दबतो, दुसरीकडे उघडा पडतो. मग कितीही भारी सील टाका, काही महिन्यांत तेच.

पण 'टक' कोनसेटचाही, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचाही, असू शकतो. पुढचं चाक अधांतरी ठेवून बॉटम पुढे-मागे हलवा. हालचाल टी-स्टेमपाशी (हँडलखालच्या वळणाऱ्या दांड्यापाशी) जाणवली तर कोनसेट, बॉटमच्या तोंडाशी जाणवली तर बुश.

खोलताना खालचा एलन बोल्ट स्प्रिंग आत असतानाच सैल करा. स्प्रिंगच्या दाबामुळे आतला रॉड फिरत नाही. मी आधी स्प्रिंग काढली आणि अर्धा दिवस त्या फिरणाऱ्या रॉडशी भांडलो. तेल काढल्यावर डस्ट सील (वरचं धूळ अडवणारं रबर) आणि सर्क्लिप (सील धरून ठेवणारी तारेची कडी) काढा, मग पाइपला जोरात झटके द्या. सील, वॉशर, बुश एकदमच बाहेर येतात.

बुश पुसून उजेडात धरा. करडा थर म्हणजे टेफ्लॉन. माझ्या बुशवर पुढच्या बाजूला तो पार उडून लालसर तांबं चमकत होतं, बाजूंना मात्र नव्यासारखा. होंडाच्या मॅन्युअलमध्ये पाऊण भागावर तांबं दिसलं की बदला, असं आहे. मी एवढी वाट बघत नाही. सगळं खोललंच आहे तर दोन्ही पायांचे, म्हणजे डाव्या-उजव्या शॉकअपचे, चारही बुश टाकतो.

खालचा बुश हातानेच फट जेमतेम फाकवून चढवा. वरच्या नव्या बुशवर जुना बुश ठेवून पीव्हीसी पाइपने ठोका. बसला की आवाज बद्द ऐवजी टणक येतो. सील घालताना पाइपच्या टोकाला तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर ओठ तिथेच चिरतो. एलन बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा घ्या.

हे सगळं करण्याआधी पाइपवरून नख फिरवा. गेटरमुळे, म्हणजे पाइपवरच्या रबरी घडीच्या कव्हरमुळे, चिखल आत अडकून गंज धरतो आणि बाहेरून दिसत नाही. नख अडकलं, क्रोम सुटलं असेल, तर आधी पाइपचा खर्च धरा. नवे बुशही त्यावर फुकट जातील.

तेलाची पातळी मॅन्युअलप्रमाणे, स्प्रिंग बाहेर आणि पाइप पूर्ण खाली दाबून, चार-पाच पंप मारल्यावर मोजा. दोन्ही पायांत सारखी.