फाउंड्री हातात घेतलेल्या मुलीला पत्र

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. शिरोलीची ओतकामाची फाउंड्री आता तू बघणार, फार बरं वाटलं. पण तू लिहिलंयस की मला सगळं पर्यावरणाचं भान ठेवून करायचंय आणि लोक काही सुचवतच नाहीत, सजेशन बॉक्स लावला तोही रिकामा, त्यावर जरा सविस्तर लिहितो.

बॉक्स काढून टाक. लोक मालकाकडं बघत असतात, मालक शॉपवर आल्या आल्या काय विचारतो त्यावरून इथं कशाला किंमत आहे ते त्यांना कळतं. तू रोज किती टन ओतलं एवढंच विचारलंस तर फर्नेसचं, म्हणजे धातू वितळवायच्या भट्टीचं, झाकण उघडं राहिलं काय नि बंद राहिलं काय, कोणाला पडलंय? 1400-1500 डिग्रीचा रस उघडा ठेवला की उष्णता सरळ वर जाते आणि तेवढी वीज परत लागते, हे भट्टीवरच्या मेल्टरला आपल्यापेक्षा जास्त कळतं, झळ त्याच्या तोंडावर बसते ना. म्हणून टनामागे युनिट किती गेले हेही रोज विचार आणि आकडा फर्नेसजवळच्या फळ्यावर लिहायला लाव.

मग हवेचा कॉम्प्रेसर. जेवणाच्या सुट्टीत मशीनं बंद असताना तो तेवढा चालू ठेव आणि फिटरला घेऊन लाइनच्या कडेनं चाल, स्स्स आवाज येईल तिथं साबणाचं पाणी लाव, बुडबुडे दिसतात. 7 बार प्रेशरला 3 मिलिमीटरचं एक भोक 3-4 किलोवॅट खातं, म्हणजे लाइन दिवसरात्र चालू असेल तर दिवसाला 70-95 युनिट गेले बघ! हे तू स्वतः कर. मालकीण वाकून भोक शोधतेय म्हटल्यावर फिटरच सांगेल की मॅडम, कोपऱ्यातली ती लाइन जुन्या मशीनची आहे, मशीन कधीच विकलं, व्हॉल्व्ह घालून बंद करू या. बाहेरच्या कन्सल्टंटला हे दिसायचं नाही.

खरी कसोटी वाळूत आहे. साच्यासाठी रेझिननं, म्हणजे चिकट रसायनानं, बांधलेली वाळू वापरून झाली की ढिगानं साठते, टाकायला जागा नाही, वर नवी विकत आणायची. उद्या कोअर शॉपमधला, म्हणजे कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे करतात तिथला, कोणी म्हणेल की जुनी नीट घासून चाळून जास्त मिसळून बघू. बघू दे त्याला. पण जुन्या वाळूवर रेझिन शिल्लक राहिलं तर ओतताना गॅस होतो, कास्टिंगला ब्लोहोल म्हणजे गॅसची भोकं पडतात, त्यामुळं एलओआय (वाळू तापवल्यावर जळून जाणारा भाग किती ते) आणि स्ट्रेंथ तपासल्याशिवाय नको आणि घाईच्या ऑर्डरवर तर नकोच. तरी काही पीस रिजेक्ट होतील. त्या दिवशी तू काय बोलतेस यावर पुढचं वर्षभर तोंड उघडायचं की नाही हे लोक ठरवतील, म्हणून ट्रायलचा खर्च आधीच बाजूला काढ आणि ते रिजेक्शन कोणाच्या इन्सेंटिव्हमधून कापू नकोस. आणि हो, सुपरवायझरला पहिल्यापासून सोबत घे, नाहीतर तोच पाय ओढेल.

झेड सर्टिफिकेटचं विचारलंयस, म्हणजे मालात दोष नको नि पर्यावरणाला त्रास नको यासाठी सरकार छोट्या उद्योगांना देतं ते. ते घे, 2022 च्या योजनेत सूक्ष्म उद्योगाला फीमध्ये 80 टक्के आणि लघुउद्योगाला 60 टक्के सबसिडी ठेवली होती, पण आधी फर्नेसजवळचा फळा.

पहिल्या आठवड्याचे आकडे मला पाठव, वाईट असले तरी पाठव, मग वाळूच्या ट्रायलला कुठला जॉब घ्यायचा ते फोनवर ठरवू. बाबांना नमस्कार सांग.

तुझा काका