बारा लाखांची सवलत, यूपीआयची भीती आणि ‘रिफंड काढून देतो’ म्हणणारे

सप्टेंबरात दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. १६ तारखेला आयकर रिटर्नची वाढवलेली मुदत संपली आणि २२ तारखेला जीएसटीचे नवे दर लागू झाले. तेव्हापासून वाचकांची पत्रं थांबलेली नाहीत, आणि बहुतेकांत तेच चार-पाच गोंधळ आहेत. एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच उत्तरं देतो. ती ऑक्टोबर २०२५ मधल्या नियमांप्रमाणे आहेत.

प्रश्न (नाशिक): बारा लाखांपर्यंत कर नाही असं अर्थसंकल्पात जाहीर झालं होतं. माझं उत्पन्न ९ लाख ४० हजार, तरी सप्टेंबरात रिटर्न भरताना कर भरावा लागला. सीएची चूक झाली का?

नाही. तुम्ही भरलेलं रिटर्न ३१ मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं होतं. त्या वर्षी नव्या करपद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) मर्यादा ७ लाखांची होती. बारा लाखांची सवलत १ एप्रिल २०२५ पासूनच्या उत्पन्नाला आहे.

प्रश्न (नागपूर): मी निवृत्त आहे. यंदा पेन्शन साडेनऊ लाख होईल. जुने शेअर विकून अडीच लाख दीर्घकालीन नफा झाला. एकूण बारा लाख, म्हणजे कर शून्य ना?

पेन्शनवर शून्य, नफ्यावर नाही. बारा लाखांची ही सवलत कलम ८७अ ची, आणि ती नेहमीच्या टप्प्यांनी लागणाऱ्या करापुरतीच आहे. शेअरच्या दीर्घकालीन नफ्याचा दर वेगळा आहे, म्हणून तो या सवलतीत बसत नाही. अडीच लाखांतून करमुक्त असलेले १ लाख २५ हजार वजा करा. उरलेल्यावर १२.५ टक्के म्हणजे १५,६२५ रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर, असे १६,२५० रुपये भरावे लागतील. पेन्शनमधून ७५ हजारांची प्रमाणित वजावट आधी मिळते, ती विसरू नका. मार्चआधी आणखी शेअर विकायचे असतील तर विकण्याआधी सल्लागाराकडून आकडा काढून घ्या. विकून झाल्यावर फारसं काही हातात राहत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): माझी वडापावची गाडी आहे. लोक यूपीआयने पैसे देतात. कर्नाटकात नोटिसा आल्या म्हणतात. क्यूआर कोड काढून टाकू का?

काढू नका. दोन हजारांवरच्या यूपीआय व्यवहाराला जीएसटी लागणार ही अफवा होती. अर्थ मंत्रालयाने ती एप्रिलमध्येच खोडून काढली. जुलैत कर्नाटकात छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा गेल्या हे खरं आहे, पण त्या यूपीआय वापरलं म्हणून नव्हत्या. जमा झालेल्या रकमांवरून वर्षाची उलाढाल मर्यादेपलीकडे दिसत होती आणि जीएसटी नोंदणी नव्हती, हे कारण होतं. रोखीत घेतलेले पैसेही उलाढालच असतात.

मर्यादेबाबत मात्र तुमच्यासारख्यांची चूक होते. ‘चाळीस लाखांपर्यंत नोंदणी नको’ हे माल विकणाऱ्या दुकानदाराला लागू आहे. तयार खाणं देणं ही सेवा धरली जाते, तिथे मर्यादा २० लाखांची. रोजचा गल्ला साडेपाच हजारांच्या आसपास असेल तर वर्षाला तुम्ही तिथे पोचता. बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट आणि गल्ल्याची वही घेऊन कर सल्लागाराकडे जा, नोटीस यायच्या आधी.

प्रश्न (पिंपरी): कंपनीतल्या बऱ्याच जणांचं रिटर्न एकच एजंट भरतो. पगारातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, जवळजवळ सगळा परत मिळवून देतो आणि रिफंडच्या दहा टक्के घेतो. तीन वर्षं मीही भरलं. आता काही जणांना आयकर खात्याचे मेसेज आलेत. माझा पैसा मीच परत घेतला, यात गुन्हा काय?

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण याच दुखण्याची माणसं दर आठवड्याला माझ्यासमोर बसतात.

मागच्या महिन्यात एमआयडीसीतला एक फिटर आला. पिशवीत फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) होता आणि रिटर्नची पोच होती. संपूर्ण रिटर्न त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पोर्टलवरून काढून त्याच्यासमोर ठेवलं. २०२२-२३ या वर्षात राजकीय पक्षाला देणगी दीड लाख, शैक्षणिक कर्जाचं व्याज ५० हजार. त्याने बोट ठेवून विचारलं, “साहेब, हे कुणाचं कर्ज?” त्याची मुलगी तिसरीत आहे. घरात कुणी कर्ज घेतलेलं नाही. देणगी तर दीडशे रुपयांचीही दिलेली नाही. नोंदवलेला ई-मेल एजंटचा, त्यामुळे खात्याचे दोन मेल कुणी उघडलेही नव्हते.

उत्पन्नातून वजा दाखवलेल्या या दोन ओळींमुळे त्याला ४१,६०० रुपये जास्तीचे मिळाले. त्यातले ४,१६० एजंटने घेतले. आता हिशोब उलटा करा. स्वतःहून दुरुस्त केलं तर ४१,६०० परत, त्यावर व्याज आणि या दोन्हींच्या बेरजेच्या निम्मी जादा रक्कम. खात्याने पकडलं तर कर आणि व्याज आहेच, शिवाय चुकीच्या माहितीबद्दल कराच्या दुप्पट, म्हणजे ८३,२०० रुपयांपर्यंत दंड. हे सगळं त्याच्या पॅनवर. एजंटचं नाव रिटर्नवर कुठेच नाही.

म्हणून ‘माझाच पैसा’ हे म्हणणं सोडा. टीडीएस हा कर आहे. तो जास्त कापला असेल तरच परत मिळतो. जी देणगी दिली नाही ती दाखवून घेतलेली रक्कम तुमची नव्हती. आणि रिफंडवर टक्केवारी घेणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका, मग तो कुणाचाही मेहुणा असो. ज्याचं पोट तुमच्या रिफंडवर आहे तो रिफंड फुगवणारच. खरं काम करणारा ठरलेली फी घेतो आणि आधी कागद मागतो.

१४ जुलैला आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी अशाच एजंटांच्या कामाची पडताळणी केली. त्यात महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचं विभागाने सांगितलं. म्हणजे वाट आहे, आणि लोक त्या वाटेने गेले आहेत.

तुम्ही काय करायचं? आज पोर्टलवर पासवर्ड बदला, स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल टाका. तिन्ही वर्षांची पूर्ण रिटर्न उतरवून घ्या. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारता येतं. कर आणि व्याज भरावं लागेल, जादा रक्कम नाही. आधीच्या वर्षांसाठी अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. त्याला आता चार वर्षांपर्यंत मुदत आहे, पण जादा रक्कम २५ टक्क्यांपासून ५०, ६०, ७० अशी वर्षागणिक चढत जाते. चौकशी एकदा सुरू झाली की ही सोय बंद होते. ‘बघू, सगळ्यांचं होईल ते माझं होईल’ म्हणून बसू नका, मित्रांनाही बसू देऊ नका. दिवाळीनंतर जाऊ असंही नको. सीएला भेटा आणि काहीही लपवू नका.

प्रश्न (सातारा): आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. एजंट म्हणतो, जुनी पॉलिसी सोडून नवी घ्या, तरच फायदा मिळेल.

साफ खोटं. व्यक्तीच्या किंवा कुटुंबाच्या जुन्या पॉलिसीचं नूतनीकरणही २२ सप्टेंबरपासून करमुक्त आहे. ३० हजारांच्या हप्त्यावर आधी ५,४०० रुपये कर लागायचा, तो वाचतो. नवी पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जातो, तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. एजंटला मात्र नव्या विक्रीचं कमिशन मिळतं. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्टिंग करा, म्हणजे झालेला प्रतीक्षा काळ जमेस धरून पॉलिसी नव्या कंपनीकडे न्या, आणि नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज द्या. नव्या कंपनीचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नका. नोकरीतल्या सामूहिक विम्याला ही सूट नाही.

प्रश्न (ठाणे): दुकानदार म्हणतो माल जुना आहे, शाम्पू जुन्याच भावाने मिळेल.

विक्री आजची, म्हणून दर आजचा. शाम्पूवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. मूळ किंमत तीच असेल तर ११८ रुपयांची बाटली १०५ ला यायला हवी. बाटलीवर जुनी छापील किंमत असू शकते, त्यावरून वाद घालू नका. बिल मागा आणि त्यावरचा दर पाहा. जुना दर लावला असेल तर ते बिल ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

प्रश्न (सोलापूर): ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवीवर एक लाखापर्यंत व्याज करमुक्त झालं का?

नाही. तेवढ्या व्याजापर्यंत बँक टीडीएस कापत नाही, इतकंच. व्याज उत्पन्नात दाखवावंच लागतं.

प्रश्न (रत्नागिरी): सप्टेंबरची मुदत हुकली. आता जुन्या पद्धतीने रिटर्न भरता येईल का?

पगार किंवा पेन्शनच असेल तर नाही, मुदतीनंतर नवीच पद्धत लागते. विलंब शुल्क ५,००० रुपये, उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००. ३१ डिसेंबर २०२५ च्या आत भरा. व्यवसायाचं उत्पन्न असेल किंवा हिशोबाचं ऑडिट होत असेल तर नियम वेगळे आहेत, या आठवड्यातच सीएला विचारा.