तुमच्या नगरातली माणसं पाणी कुठलं पितात?

प्रश्न : दोन वर्षांपासून एक अद्भुतरम्य कादंबरी लिहितोय. तिच्या जगात सात नगरराज्यं आहेत. प्रत्येक नगर एकेका देवानं वसवलेलं, राजांची अखंड वंशावळ, तीन हजार वर्षांचा इतिहास, सगळं वहीत तयार आहे. पण ज्या दोघांना वाचायला दिलं, ते दोघंही म्हणाले, 'नगरं पुठ्ठ्याची वाटतात.' कुठे चुकतंय? शिवाय एवढ्या काळात एका नगरानं बाकीची सहा गिळली का नाहीत, याचंही उत्तर मला सापडत नाहीये. सोबत नकाशा आणि काही पानं जोडली आहेत.

उत्तर : पानं वाचली. वंशावळ मात्र एकविसाव्या राजापाशी सोडून दिली, लपवत नाही. नकाशावर जास्त रेंगाळले. क्षारद्वार हे तुमचं बेटावरचं नगर. चहूकडे समुद्र आणि लाखाची वस्ती. ही माणसं पाणी कुठलं पितात? तुम्ही लिहिलंय, देवानं खडकावर त्रिशूळ मारला आणि झरा फुटला. तिथेच तुमचं नगर पुठ्ठ्याचं झालं.

व्हेनिसला असा झरा कोणी काढून दिला नाही. खाजणाच्या चिखलात लाकडी खांब ठोकून उभं केलेलं शहर ते, गोडं पाणी आणायचं कुठून? त्यांनी चौकच्या चौक खणले. खड्ड्याला चिकणमातीचं जाड अस्तर दिलं, म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत झिरपणार नाही. आत वाळू भरली आणि मधोमध विटांची विहीर बांधून काढली. पावसाचं पाणी फरसबंदीतल्या भोकांतून वाळूत उतरायचं आणि गाळून विहिरीत यायचं. आता एवढी एक विहीर धरून बसा. ती एकट्यादुकट्याची नसते. भरतीचं पाणी चौकात शिरलं की सगळी नासते. उपसायची कोणी, दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी, दुष्काळात कोणाला किती घागरी? यातून भांडणं, भांडणांतून नियम आणि नियमांतून ते राखणारी माणसं. नगरराज्य असं उगवतं. सातही नगरांसाठी एवढंच लिहून काढा : इथे काय मुबलक आहे आणि कशावाचून अडतं. व्हेनिसकडे मीठ होतं, शेत नव्हतं. धान्यासाठी जहाजं लागलीच.

देव काढून टाका असं मी म्हणत नाही. उलट प्रत्येक नगराचे दोन इतिहास लिहा : एक घडलेला आणि एक ते नगर स्वतःबद्दल सांगतं तो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्वा बेटाची जुनी बखर सांगते की इराणमधल्या शिराझच्या राजपुत्रानं ते बेट कापड देऊन विकत घेतलं. अख्ख्या बेटाला वेढा घालता येईल एवढं कापड. उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन कार्थेजची कथा याच घराण्यातली. ते वसवणाऱ्या दीदो राणीला एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मिळणार होती. तिनं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि टेकडीच वेढून घेतली. दोन्ही गोष्टी एकच म्हणतात : जागा आम्ही हिसकावली नाही, रीतसर घेतली. किल्व्यात खणल्यावर मात्र सुरुवातीच्या थरांत मासेमारी करणारी, लोखंड गाळणारी साधी वस्ती सापडते. पण तेवढ्यावरून गोष्ट निव्वळ थाप ठरत नाही. त्या किनाऱ्यावरच्या मध्ययुगीन दफनांचा जनुकीय अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला, त्यात इराणी पूर्वजांचा अंश निघाला. तुमच्या पात्रांना गोष्ट माहीत असू द्या. थर एखाद्या विहीर खणणाऱ्याला सापडू द्या.

आता गिळण्याचं. प्राचीन इराकच्या दक्षिणेकडच्या सुमेरमधली लगाश आणि उम्मा ही शेजारी नगरं गुएदिना नावाच्या सुपीक पट्ट्यासाठी आणि त्याच्या कालव्यांसाठी पिढ्यान् पिढ्या भांडली. भाषा एक, देवमंडळ एक. पण लगाशचा देव निंगिर्सू आणि उम्माचा शारा. शीव आखून दिली ती देवांचा राजा एन्लिल यानं, असं शिलालेखच सांगतात. म्हणजे राजानं हातभर जमीन सोडली तर देवाची जमीन सोडल्यासारखं! तडजोड होणार कशी? त्यात उम्मानं पट्टा कसायचा तर लगाशला जव द्यायचे, असं ठरलेलं. ते देणं थकलं, व्याजावर व्याज चढलं आणि आकडा फेडण्यापलीकडे गेला. लगाशच्या एअन्नातुम राजाचा विजयस्तंभ आज पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. त्यावर निंगिर्सूनं शत्रू जाळ्यात धरलेत. एकाचं डोकं बाहेर आलंय आणि देव त्यावर गदा हाणतोय. तरी उम्मा संपलं नाही. पुढे उम्माच्याच लुगलझगेसीनं लगाश लुटलं, मग अक्कडच्या सारगॉननं त्याला हरवून सगळ्यांनाच एका छत्राखाली घेतलं. तुमच्या सात देवांनाही असंच जमीनदार करून बघा.

दुसरी वाट आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या दुब्रोवनिकची, तेव्हाचं नाव रागुझा. ते ऑटोमन सुलतानाला वर्षाला 12,500 डुकाट (सोन्याची नाणी) खंडणी देई आणि ख्रिस्ती राज्यांशीही व्यापार करी. दोघांनाही ते जिवंत असण्यात फायदा होता. 1808 मध्ये नेपोलियनच्या फ्रेंचांनी ते प्रजासत्ताक मोडलं. तिथला प्रमुख, रेक्टर, एका महिन्यापुरता निवडला जाई आणि तो महिनाभर सरकारी कामाशिवाय त्याला प्रासादाबाहेर पडता येत नसे. व्हेनिसनं तर 1268 पासून डोज, म्हणजे आपला प्रमुख, निवडताना चिठ्ठ्या आणि मतदान आळीपाळीनं वापरून मधल्या समित्यांची अशी उतरंड रचली की वशिला लावायचा कुठे तेच कळू नये. या नगरांना परक्या फौजेइतकीच आपल्यातल्या एखाद्या बलाढ्य घराण्याची धास्ती होती. तुमच्या सातही नगरांत मात्र बापामागून मुलगा गादीवर बसतो आणि कोणी कुरकुरतसुद्धा नाही. निदान तीन नगरांतल्या वंशावळी फाडा.

तीन हजार वर्षंही कमी करा. व्हेनिसची परंपरा आपला पहिला डोज 697 मध्ये निवडला गेला असं मानते आणि प्रजासत्ताक बुडालं 1797 मध्ये. तेही दीर्घायुषी म्हणून मिरवतं. आठशे वर्षं पुष्कळ झाली.

पाचव्या पानावरचा जकात नाक्याचा प्रसंग छान आहे. तो कारकून मिठाची पोती मोजता मोजता एक पोतं मुद्दाम विसरतो, तिथे क्षारद्वार पहिल्यांदा खरं वाटलं. त्याला पुढच्या प्रकरणांत हरवू देऊ नका. आणि झरा आटवून बघितलात, तर ती पानं मला पाठवा.