चौक नकाशावर आल्याशिवाय सही नको

गिरगावातल्या चाळीच्या पुनर्विकास समितीवर आलीस, फार बरं वाटलं. आर्किटेक्टला बोलावण्याआधी टेप घेऊन चाळीच्या मधल्या चौकात उतर. गणपतीचा मांडव किती रुंद लागतो, मूर्ती फाटकातून कशी वळते, कुरडयांना ऊन कुठे मिळतं, सगळं मोजून कागदावर घे. खोल्यांचं क्षेत्रफळ सगळेच मोजतात. चौक कुणी मोजत नाही आणि मग तो पोडियमच्या पार्किंगखाली जातो. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. समोरासमोरची दारं आणि मधलं अंगण नसतं, तर तो गिरगावात इतका रुजला असता असं मला वाटत नाही.

सभेत नेहमीचीच चार माणसं बोलतात. तू दुपारी गॅलरीत काकू-आजींजवळ बस. रात्री कुणाला धाप लागली की पाच दारं कशी उघडतात, हे त्याच सांगतील. म्हणून नव्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर रुंद सामाईक गॅलरी मागा, तीही करारात मोजमापासकट. तोंडी 'बघू'ला काही अर्थ नाही.

मुंबईतल्या जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचा जो नियम ३३(७), त्याखाली प्रत्येक भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळतं. तो हक्क आहे, उपकार नव्हे. भांडायचं ते कॉर्पस फंडासाठी, म्हणजे पुढच्या देखभालीसाठी बिल्डरने ठेवायच्या रकमेसाठी. लिफ्ट-पंपाचा खर्च झेपला नाही की जुनी कुटुंबं खोली विकून विरारला जातात, आणि माणसंच गेली तर मांडव घालणार कोण?

आणि हो, कोऱ्या संमतीपत्रावर सही मागायला कुणी आलं, तर दारातूनच परत पाठव.