वही आधी वाचा, मग परत द्या

डोंबिवलीच्या एका वडिलांचं पत्र, थोडक्यात : "मी सेंटरिंगची कामं घेतो. मुलाला बारावी सायन्सला ५८ टक्के. सीईटी दोनदा दिली, सिव्हिलला धड कॉलेज मिळालं नाही. बिल्डर व्हायचंय, पण म्हणे 'लोकांना धरून घरं बांधणारा'. आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालंय, जुनी इमारत पाडून नवी बांधायची, तर हा अभ्यास सोडून दारोदार फिरतो. कुणाच्या घराचं आतलं क्षेत्रफळ, म्हणजे कार्पेट, किती, कोण भाडेकरू, कुणाच्या आजीला जिना चढवत नाही, असलं काहीबाही वहीत लिहून ठेवतो. वही मी कपाटात ठेवली. डोनेशन भरू, की तिसऱ्यांदा सीईटीला बसवू?"

साहेब, मला ५८ टक्क्यांची काळजी वाटली नाही, कपाटाची वाटली. मुलाचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उरकलंत, तेही 'म्हणे' लावून. दोन वर्षं एकाच परीक्षेत गेली आणि आता तिसरं. यातलं एक तरी वर्ष त्यानं स्वतःहून मागितलं होतं का?

'बिल्डर व्हायचं तर आधी सिव्हिल' हे इतर कुणी म्हटलं असतं तर समजलं असतं. तुमची हयात साइटवर गेली. इंजिनिअर पगारावर असतो आणि बोर्डावर नाव दुसऱ्याचं, हे तुम्ही रोज बघता. डेव्हलपर जमीन, पैसा, परवानग्या आणि माणसं जुळवतो. पुण्याजवळ हडपसरला सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली, कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा ठरवला आणि मगरपट्टा सिटी उभी केली. पुढाकार घेणारे सतीश मगर शेतकीचे पदवीधर.

रीडेव्हलपमेंट स्लॅबवर क्वचितच अडतं. ते सह्यांवर अडतं. सरकारच्या २०१९ च्या निर्देशांप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती लागते, पण उरलेल्यांतला एक जरी कोर्टात गेला तरी काम लटकू शकतं. आजी 'नाही' म्हणते ती जास्त फुटांसाठी, की काम संपेपर्यंत भाड्याच्या घराला लिफ्ट असेल का या धास्तीनं? हे ज्याला ठाऊक असतं, त्याला सही मिळते. तुमच्या पोरानं ते विचारलंय. त्याला तुम्ही उनाडक्या समजताय.

त्यालाही एक ऐकवतो. लोकांना धरून म्हणजे फुकट नव्हे. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्यानं ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. एका इमारतीचा पैसा दुसरीत फिरवायची जुनी सवय तिथे चालत नाही. सोसायटीनं बिल्डरशिवाय स्वयंपुनर्विकास करायचा म्हटला, तर कर्जाची जबाबदारी सभासदांच्याच मानेवर. हिशेब कच्चा असेल तर चांगुलपणा दोन महिनेही टिकणार नाही.

प्लॅनिंगच्या, म्हणजे शहर नियोजनाच्या, पदवीला जेईई मेनचा वेगळा पेपर असतो, आर्किटेक्चरला नाटा ही प्रवेश परीक्षा. दोन्हींची माहिती नेटवर मिळेल. माझं मत विचाराल तर डोनेशन अजिबात भरू नका. साधं बी.कॉम. करू द्या आणि अर्धा दिवस एखाद्या पीएमसीच्या, म्हणजे सोसायटीला रीडेव्हलपमेंटमध्ये सल्ला देणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटच्या, ऑफिसात बसवा. पुढे प्लॅनिंगला जायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल. सुट्टीत तुमच्या साइटचं मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपुस्तक, त्याच्या हातात द्या. मजुरांचा शनिवारचा पगार वेळेवर निघतो की नाही, यावरून तो काय शिकतोय ते तुम्हालाच दिसेल.

आणि वही परत द्याच. पण त्याआधी एकदा वाचा. तुमच्या स्वतःच्या फ्लॅटपुढे त्यानं काय लिहिलंय, ते मला कळवा.